लाकडी कौलवाले शिनर

ओटमार शिनरच्या सत्तराव्या वाढदिवसाला त्याच्या सुनेने जी भेट आणली, तिच्यामागे तिचा जराही वाईट हेतू नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर गावातल्या काहीजणांनी सगळं तिच्यावर ढकलायचा प्रयत्न केला.

ओटमार जन्मभर रेल्वेत होता, सिग्नलच्या केबिनमध्ये. पण एर्लेनरॉइटमध्ये त्याला कोणी रेल्वेवाला म्हणून ओळखत नसे. आमच्या चर्चच्या मनोऱ्यावर लाकडी कौलं आहेत, लार्चच्या पातळ फळ्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक बसवलेल्या. अशा कौलाला आमच्याकडे शिंडेल म्हणतात. ओटमार सांगायचा की हा मनोरा पहिल्यांदा त्याच्या पूर्वजांनी शाकारला. शिंडेल करणारे ते शिंडलर, आणि लोकांच्या तोंडी घासून घासून झाले शिनर. दर वसंतात शाळेची चौथी त्याच्यामागून मनोऱ्याचा जिना चढायची आणि तो पोरांना ही गोष्ट सांगायचा. सांगायचाही छान. बर्फात छपरावर बसलेले त्याचे खापरखापरपणजोबा पोरांना डोळ्यांसमोर दिसायचे.

नुसतं सांगून तो थांबला नव्हता. चाळिशीत तो दर सुट्टीत डोंगरातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे जाऊन कौलं तासायला शिकला. मनोऱ्याची उत्तरेकडची बाजू गळायला लागली तेव्हा त्याने दोन उन्हाळे खर्ची घालून ती बाजू स्वतः तासलेल्या कौलांनी भरून काढली. मजुरी घेतली नाही. तेव्हापासून गावात त्यांचं घर म्हणजे ‘लाकडी कौलवाले शिनर’.

त्याची सून स्वेन्या उत्तरेकडची, समुद्रकाठची. तिला या सगळ्याचं भारी कौतुक. आमच्या प्रादेशिक रेडिओवर रविवारी सकाळी एक कार्यक्रम लागतो. लोक फोन करून आपलं आडनाव सांगतात आणि डॉ. मेश्टिल्ड हार्टुंग नावाच्या विदुषी त्या नावाचा मूळ धंदा किंवा मूळ गाव सांगतात, आज ते नाव देशात कुठे कुठे आढळतं तेही सांगतात. बाई हुशार आणि बोलायला मिश्कील. स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता अर्धा प्रांत त्यांना ऐकतो. स्वेन्याने महिनाभर खटपट करून नेमका वाढदिवसाचा रविवार मिळवला होता.

मेजवानी घरामागच्या बागेत होती, पेअरच्या झाडांखाली. आम्ही सगळे होतो. पादरीबाई, महापौर आणि ओटमारचा शाळेपासूनचा मित्र क्लेमेन्स. क्लेमेन्स प्लंबर, आवाज पिंपातून आल्यासारखा. प्लमचा केक कापून झाला होता, बिअरचं पिंप उघडलं होतं. तेवढ्यात स्वेन्याने खिडकीतला रेडिओ मोठा केला आणि फोन सासऱ्याच्या हातात दिला.

“पप्पा, तुझ्यासाठी आहे. आपलं नाव! थेट प्रक्षेपण आहे, सगळे ऐकतायत.”

ओटमारचा चेहरा पांढरा पडला. आम्हाला वाटलं, आनंदाने गांगरला असेल.

एक गोष्ट त्या दिवशी बागेतल्या कोणालाच ठाऊक नव्हती. ओटमारला आपल्या नावाचा अर्थ माहीत होता. तो चौदा वर्षांचा असताना, चर्चमध्ये त्याचा धर्मस्वीकाराचा विधी व्हायच्या आदल्या आठवड्यात, बापाने त्याला याच बागेत आणलं होतं. कुदळ मारली, माती उकरली आणि घोड्याचे दात काढून त्याच्या तळहातावर ठेवले. म्हणाला, आपण शिंडर. मेलेली घोडी, रोगाने पडलेली गुरं ओढून आणायची, सोलायची, कातडं काढून घ्यायचं आणि उरलेलं इथे पुरायचं, हा आपला धंदा होता. तुझ्या पणज्याशी गावातला कोणी एका टेबलावर बसत नव्हता. खानावळीत त्याचं वेगळं स्टूल आणि वेगळा पेला. त्याचा हात लागला तर विटाळ मानायचे. ज्यांना हे आठवत होतं ते आता मेलेत. तू कधी बोलू नकोस. कोणी विचारलंच तर शिंडेलवाले म्हणून सांग.

पोराने सांगितलं, आणि आयुष्यभर सांगत राहिला. दर वसंतात दंव वितळलं की तिथली माती एखाददुसरा दात वर ढकलायची. बायको बागेत यायच्या आधी ओटमार तो उचलायचा आणि ओढ्यात टाकून यायचा.

तर आता फोन त्याच्या हातात होता आणि रेडिओवरून बाईंचा प्रसन्न आवाज बागभर पसरला होता. त्यांनी शुभेच्छा दिल्या. म्हणाल्या, तुमच्या सुनेने मला मनोऱ्याची गोष्ट कळवली आहे, फार गोड आहे, पण मला ती मोडावी लागणार.

“मुलांना, म्हणजे ‘किंडर’ला, तुमच्याकडे काय म्हणतात, शिनरसाहेब? ‘किनर’, बरोबर? त्यातला ‘ड’ आपण गिळून टाकतो. मग ‘शिंडर’चं काय होईल?”

बाईंनीच उत्तर दिलं. शिंडर म्हणजे सोलणारा. प्रत्येक तालुक्याच्या कचेरीला असा एक माणूस लागायचा, गावाबाहेर घर असलेला, सगळ्यांना हवा असलेला आणि कोणालाच नको असलेला. आजही आपण छळवादी साहेबाला शिंडर म्हणतो, तो हाच. मग त्या हसत म्हणाल्या, “तेव्हा शिनरसाहेब, तुमचे पूर्वज छपरावर नव्हते. ते छपराखाली होते, मेलेल्या घोड्याबरोबर.” स्टुडिओत आणखी कोणीतरी हसलं. बागेतही एकदोघे हसले. वाईट हसणं नव्हतं ते, वाढदिवसाला होतं तसं.

ओटमारने मान वर केली. समोर मुलगा योखन, सून, पादरीबाई, क्लेमेन्स.

“साफ चूक आहे हे,” तो म्हणाला. त्याचाच आवाज खिडकीतून त्याला परत ऐकू येत होता. “माझ्या आजोबांचं कारागीर-संघाचं प्रमाणपत्र घरात आहे. शिंडेलवाले, असं लिहिलंय त्यावर, शिक्क्यासकट. माझ्या वाढदिवशी, माझ्या घरच्यांसमोर तुम्ही आम्हाला मेली जनावरं सोलणारे म्हणता?”

मग बाई म्हणाल्या, आता मिश्कीलपणा पार गेलेल्या आवाजात, की तसं असेल तर चूक माझी आहे. ते प्रमाणपत्र बघायला मला आवडेल. येऊ का?

“या,” ओटमार म्हणाला.

बागेत टाळ्या पडल्या. क्लेमेन्सने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, शिकलेल्यांना असंच वाजवायला हवं.

पुढचा आठवडा ओटमारच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट गेला, आणि तो वाईट केला आम्ही, त्याची बाजू घेऊन. क्लेमेन्सने रेडिओला फोन करकरून तिथल्या पोरींना रडवलं. शेवटी एकदा त्याला बाईंशीच जोडून दिलं, तर त्यांनाही त्याने सोडलं नाही. महापौरांनी निषेधाचं पत्र पाठवलं. स्वेन्याला वाटत होतं की हा सगळा आपल्यामुळे झालेला अपमान आहे. तिने इंटरनेटवर लिहिलं की एका म्हाताऱ्या माणसाची भर कार्यक्रमात खिल्ली उडवली गेली. ते हजारो लोकांनी पुढे पाठवलं. त्याखाली लोकांनी डॉ. हार्टुंगना जे जे म्हटलं, ते स्वेन्याने सासऱ्याला मोठ्या प्रेमाने वाचून दाखवलं. तो ऐकत बसला. मध्येच उठून म्हणाला, पुरे आता. तिला वाटलं, किती मोठ्या मनाचा आहे.

दुसऱ्या रविवारी बाईंनी कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच माफी मागितली. एका माणसाच्या घराण्याला मी हसले, असं त्या म्हणाल्या, आणि ज्याची खातरी नव्हती ते खातरीने सांगितलं. ओटमार आणि त्याची बायको रोझविटा नाश्त्याला बसले होते. ओटमारने पावाला लोणी लावायला घेतलं होतं. सुरी हातातच राहिली.

रोझविटाने रेडिओ बंद केला. “ते प्रमाणपत्र कुठे आहे?”

“असेल. सापडेल.”

“लग्न होऊन आले तेव्हापासून या घरातली धूळ मी पुसतेय, ओटमार.”

तेव्हा तिने सांगितलं की तिलाही दात सापडतात. रुबार्बच्या वाफ्यात, पेअरच्या बुंध्याशी. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी एक सापडला होता, तेव्हा तिने माहेरच्या म्हाताऱ्या आत्याला विचारलं आणि आत्याने सगळं सांगितलं. तिला वाटलं, नवऱ्याला हे माहीत नाही. कळलं तर खचेल. म्हणून त्याने बघायच्या आत ती दात कचऱ्यात टाकायची.

इतकी वर्षं दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत आले होते. असं काही कळल्यावर माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत असतील. हे दोघं पडले नाहीत. ओटमारला फक्त एवढंच वाटलं की मनोऱ्यावर पोरांना गोष्ट सांगताना दर वसंतात पोरांच्या मागे उभी असलेली ही बाई सगळं जाणून ऐकत होती. त्याला तिच्याकडे बघवेना. तो बागेत निघून गेला.

बुधवारी डॉ. हार्टुंग आल्या. ओटमार त्यांना घ्यायला स्टेशनावर गेला. रेडिओवरच्या आवाजावरून त्याने उंच, ऐटबाज बाई कल्पिली होती. गाडीतून उतरली ती बुटकी, जाड चष्म्याची, पावसाळी कोट घातलेली बाई. त्याने प्लॅटफॉर्मवरच सांगून टाकलं की प्रमाणपत्र नाही. कधीच नव्हतं.

“मला अंदाज होता,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे शिंडेलवाल्यांचा संघ कधी नव्हताच.”

“मग माफी का मागितलीत?”

“हसले होते म्हणून. अर्थ बरोबर सांगितला होता, हसायला नको होतं.”

तो त्यांना बागेत घेऊन गेला. रोझविटाने कॉफी दिली आणि ती आत गेली. ओटमारने बापाने सांगितलेलं सगळं बाईंना सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने उच्चारून. बाईंनी मध्ये काही विचारलं नाही. मग त्यांनी आपल्या आडनावांच्या नकाशाविषयी सांगितलं. बाकीची धंद्याची आडनावं नकाशावर कशीही सांडलेली दिसतात, पण शिनर आणि शिंडर जुन्या तालुक्यांच्या अंतराने बसलेले आहेत, माळेच्या मण्यांसारखे. एका कचेरीला एकच शिंडर लागायचा, म्हणून थोरल्याला बापाची जागा मिळायची आणि धाकट्याला पुढच्या तालुक्यात जावं लागायचं. दुसरं कोणी मुलगी देत नसे, तेव्हा सोयरीकही शेजारच्या शिंडरशीच. आता बरेचजण मोठ्या शहरांत गेलेत. त्यात एक दाताचे डॉक्टर आहेत, एक ऑर्गन वाजवणारी आहे, एक फुटबॉलचा पंच आहे.

“बऱ्याच जणांना माहीत नसतं,” त्या म्हणाल्या, “आणि ज्यांना माहीत असतं ते बोलत नाहीत. मला फोन फक्त पहिल्या प्रकारचे करतात. तुम्हीही त्यातलेच असाल असं धरून चालले, ही माझी चूक.”

ओटमारने त्यांना विनंती केली की हे कुणाला सांगू नका. बोलतानाच त्याला कळत होतं की आपण काय मागतोय. ही बाई सगळ्या प्रांतात खोटी ठरलेली राहावी, म्हणजे आपण मनोऱ्यावर चढायला मोकळे. बाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, नाही सांगणार. मग घड्याळ बघून उठल्या, गाडीची वेळ झाली होती. निघताना त्यांनी पेअरचं कौतुक केलं. रोझविटाने पिशवी भरून दिली.

नंतर ओटमार म्हणायचा की बाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडल्या असत्या तर तो आजही गप्प बसला असता.

शुक्रवारी खानावळीत आमचं नेहमीचं टेबल होतं. क्लेमेन्स रंगात आला होता, त्या रेडिओवाल्या बाईला आपण कसं सुनावलं ते नव्या माणसाला पुन्हा सांगत होता. ओटमारने त्याला मध्येच थांबवलं. उभा राहिला नाही, आवाज चढवला नाही. म्हणाला, ती बरोबर होती. आम्ही शिंडरच. मला पोरवयापासून माहीत आहे. प्रमाणपत्र वगैरे काही नाही.

आम्ही सगळे क्लेमेन्सकडे बघायला लागलो.

“तुझा पणजा काय सोलायचा, याच्याशी मला काय देणंघेणं रे?” क्लेमेन्स शेवटी म्हणाला, आणि त्याचा पिंपातला आवाज अगदी लहान झाला होता. “माझा आजोबा डुकरं चोरायचा. पण त्या बाईला मी फोनवर काय काय बोललो, तुला ठाऊक आहे? चेटकीण म्हणालो. तुझ्यासारखीला भर चौकात उभी करायला हवी, असं म्हणालो. तुझ्यासाठी. आणि तू समोर बसून ऐकत होतास.”

ओटमार हो म्हणाला.

क्लेमेन्स अर्धी बिअर तशीच ठेवून उठला, जाकीट उचललं आणि गेला.

त्या रविवारी ओटमारने स्वतः कार्यक्रमाला फोन लावला. रांगेत बराच वेळ थांबावं लागलं. त्याच्याआधी एका कोळसेवाल्याच्या आणि एका कुंभाराच्या वंशजाचं झालं. त्याचा नंबर आला तेव्हा बाईंनी आवाज ओळखला आणि विचारलं, तुम्हाला नक्की बोलायचंय ना? त्याने आपलं नाव आणि गाव सांगितलं. डॉ. हार्टुंग बरोबर होत्या. मी खोटं बोललो. ज्यांनी माझ्या बाजूने त्यांना शिव्या दिल्या, त्यांना मीच फसवलं होतं. शाळेच्या कितीतरी मुलांना मी जे सांगितलं तेही खरं नव्हतं, त्यांची माफी मागतो. बोलताना दोनदा अडखळला. मनोऱ्याच्या स्वतः फुकट भरून काढलेल्या उत्तरेकडच्या बाजूविषयी मात्र तो चकार शब्द बोलला नाही. बोलला असता तर चाललं असतं. बाईंनी आभार मानले. त्या हसल्या नाहीत, सांत्वनही केलं नाही. पुढचा फोन घेतला.

गावात कोणी त्याच्याशी बसणं सोडलं नाही. ते दिवस गेले. पण लोक जरा जपून बोलायला लागले, आणि तेच त्याला जास्त लागलं. महापौरांना आपलं पत्र मागे घ्यावं लागलं. रस्त्यात भेटले की ते हवेचं बोलायचे. स्वेन्याने लिहिलेलं सगळं पुसून टाकलं आणि दोन आठवडे सासऱ्याकडे आली नाही. आली तेव्हा दारातच रडली. म्हणाली, पप्पा, मला आधी सांगितलं असतंस तर मी घड्याळ आणलं असतं. यावर रोझविटा हसली आणि मग सगळेच थोडे हसले. क्लेमेन्सने डॉ. हार्टुंगना फोन करून माफी मागितली, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कधीतरी रेडिओवर कळलं. ओटमारशी तो हिवाळाभर बोलला नाही. शिनरांचा घर तापवायचा बंब थंडीत बंद पडला तेव्हा येऊन दुरुस्त करून गेला, रोझविटाशी बोलत. वसंतात एका शुक्रवारी खानावळीत येऊन ओटमारच्या शेजारी बसला, इतकंच.

त्या वर्षी शाळेने चौथीला मनोऱ्यावर नेलं नाही. जिन्याची दुरुस्ती काढली आहे, असं शिक्षिकेने सांगितलं. जिना धडधाकट होता.

कार्यक्रमानंतर त्याला अनोळखी लोकांचे फोन येऊ लागले. सगळे शिनर नाहीतर शिंडर. काहींना फक्त बापाचं गाव विचारायचं असे. दाताच्या डॉक्टरांनी मोठ्याने हसत सांगितलं की आमचा धंदा फार लांब गेलेला नाही. पण एकदा दुपारी एर्लांगेनहून एका म्हातारीचा फोन आला, माहेरची शिनर. तिने नमस्कारसुद्धा केला नाही.

“तुम्ही कोण हो हे सांगणारे?” ती म्हणाली. “माझा नवरा मरेपर्यंत मी त्याला कळू दिलं नाही. सासूने दहादा विचारलं, मी सांगितलं नाही. आता नातू जेवणाच्या टेबलावर विचारतोय, आजी, तू त्यांच्यातली का. तुमचं ओझं उतरलं ना? माझं काय?”

तुम्हाला त्रास झाला याचं वाईट वाटतं, असं ओटमार म्हणाला. ते किती पोकळ आहे हे त्यालाही ऐकू आलं. म्हातारी बराच वेळ बोलत राहिली. मध्ये रडली, पुन्हा चिडली, आपल्या बापाचं नाव घेतलं, तो किती स्वच्छ राहायचा, कपड्यांचा कसा सारखा वास घेऊन बघायचा ते सांगितलं. त्याने तिला अडवलं नाही. फोन कानाशी धरून तो ओसरीच्या पायरीवर बसून राहिला, तिने स्वतःहून ठेवेपर्यंत.

रोझविटा आतून आली. कोण होतं, तिने विचारलं.

“आपल्यातलंच कोणीतरी,” तो म्हणाला.